खंडेनवमीची टाकी

नाशिकरोड,
दि. १२ सप्टेंबर १९८३

आदरणीय रंगनाथभाऊ यांना,
चांगुणाचा सप्रेम नमस्कार.

आम्ही मायलेक इकडे खुशाल आहोत. तुमच्याकडेही सगळे बरे असतील. भिमाबाई वहिनींचा गुडघा कसा आहे? मागे भाजीबाजारात भेटल्या तेव्हा पायरी उतरताना भिंतीला धरत होत्या. त्यांना म्हणावं, एरंडाचं पान गरम करून बांधत जा आणि जिना टाळा. जिना टाळा म्हणणं सोपं आहे, तुमचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, हे मला ठाऊक आहे.

पत्र बघून नवल वाटेल. तुमची गाड्या दुरुस्तीची शेड आडगाव नाक्यावर, आमची कॉलनी इकडे, बस पकडली की झालं. समोर येऊन बोलता आलं असतं. पण समोर आलं की तुम्ही म्हणता, "वहिनी, जरा चहा टाका," मी टाकते, आणि बोलायचं ते राहून जातं. पत्रात चहा टाकावा लागत नाही, म्हणून पत्र.

बातम्या अशा. शाळेत यंदा मला चौथीचा वर्ग दिलाय, साठ मुलं आणि बाकं चाळिसांची. माझ्या माहेरी घोटीकडे भात चांगलं उभं आहे, असा भावाचा निरोप आला. भिकन अंबडच्या कारखान्यात कायम झाला. पेढे पाठवले होते, ते पोचले असतील. पोचले असतीलच, कारण ते घेऊन येणारा दर रविवारी तुमच्याकडेच येत होता.

हे मला श्रावणात कळलं. तोवर मला रविवारचा ओव्हरटाइम सांगितला जात होता. एकदा धुणं भिजवताना त्याच्या सदऱ्याच्या बाहीला बारीक बारीक जळकी भोकं दिसली. भाऊ, अशी भोकं मी सहा वर्षं रफू केली आहेत. दुसऱ्या कोणत्या बाईला ओव्हरटाइम सांगून चाललं असतं, मला नाही चाललं. विचारल्यावर म्हणाला, "आई, बाबांची गाडी मला पुरी करायचीये. काका शिकवताहेत." तेवीस वर्षांचा घोडा, त्याला दावं लावून ठेवता येत नाही.

ती गाडी देवळाली कॅम्पातल्या बंगल्यातून आणली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. लढाईच्या आधीची मॉरिस, आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. बंगल्याचा माळी म्हणाला, कोंबडी आमची, बाकी न्या. इंजिन होतं, पण खाली तळच नव्हता, बसलं की पाय थेट रस्त्यावर. आमच्या यांनी पाटबंधारे खात्यात फायलींना दोऱ्या बांधण्यापलीकडे हाताने काही केलेलं नव्हतं. तुम्ही आणि तुमच्या रविवारच्या मंडळींनी त्यांना वेड लावलंत. जुन्या गाड्यांचं वेड म्हणजे रविवारची सवत, असं मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, तेव्हा सगळ्यात मोठ्याने तुम्हीच हसला होतात.

पण मी खरं ते सांगते. तुम्ही त्यांना वेल्डिंग शिकवलंत आणि चांगलं शिकवलंत. जेवताना पापड हातात घेऊन ते मला दाखवायचे. पत्र्याला एका कडेने सलग डाग देत गेलं की पत्रा तापून वर फुगतो, म्हणून आधी मधे एक डाग, मग दोन टोकांना, मग राहिलेल्या जागी. मी म्हटलं, यात काय विशेष, आम्ही गोधडी अशीच टाचतो. त्यावर त्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी तुम्हालाही सांगून आले. त्या माणसाला इतकं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यासाठी तुमचे उपकार मानायला मी तयार आहे.

तुम्ही सगळं शिकवलंत, एक गोष्ट सोडून.

तुमच्या शेडची ती रीत. खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, झेंडू वाहायचा, आणि मग एकाला 'टाकी द्यायची'. म्हणजे पेट्रोलची टाकी गळत असली तर ती झाळून बुजवायची कशी, हे शेडचं दार लोटून त्या एकट्याला दाखवायचं. ज्याला टाकी मिळाली तो पक्का, बाकीचे कच्चे. कच्च्यांना वर्षभर एकच वाक्य: "टाकीला हात लावायचा नाही, ते माझं काम." आमचे हे दर खंडेनवमीला नारळ घेऊन यायचे. घरी बुद्धवंदना म्हणणारा माणूस, पण गुरूचा मान म्हणून नारळ. संध्याकाळी नारळासकट परत. "पुढच्या वर्षी बघू म्हणाले." त्या नारळांच्या वड्या करून मी डब्यात भरत असे.

मग गेल्या साली फेब्रुवारीतला तो रविवार आला. आमच्या अंगणात टाकी फुटली आणि हे गेले. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, सगळ्या कॉलनीला माहीत आहे.

आता लिहिण्याचं कारण. परवा जेवताना भिकन म्हणाला की मॉरिसला बसेल अशी एक जुनी टाकी मुंबईहून मिळाली आहे, बुडाला दोन भोकं आहेत. मी विचारलं, ती कोण बुजवणार? तर म्हणाला, "काका म्हणाले, टाकीला हात लावायचा नाही, ते माझं काम. खंडेनवमीला बघू."

वाक्य तेच, काना-मात्रेचाही फरक नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी मला वास आला नाही.

मी विचारलं, का लावायचा नाही? म्हणाला, "ते काही सांगितलं नाही. असेल काहीतरी हाताची खुबी. बाबांचा हात कच्चा होता ना, सगळे म्हणतात."

भाऊ, माझी एकच विनंती आहे. येत्या रविवारी त्याला सांगा. कसं ते नंतर दाखवा, आधी का ते सांगा. दार लोटू नका, मुहूर्त बघू नका. सगळ्यांसमोर, चहा पिता पिता सांगितलंत तरी चालेल. मला ते 'का' माहीत नाही. पोलीस म्हणाले पेट्रोल होतं, पण टाकी तर कोरडी होती. मला माहीत असतं तर मीच त्याला सांगितलं असतं, तुम्हाला त्रास दिला नसता. माझ्या आधीच्या दोन लेकरांनी डोळे मिटल्यावर सासूबाईंनी पदर पसरून हा मागून घेतला, म्हणून भिकन नाव ठेवलं. पुन्हा मागायला आता सासूबाई नाहीत.

वहिनींना नमस्कार. उत्तराची वाट पाहते.

आपली,
चांगुणा वहिनी


नाशिकरोड,
दि. ३ ऑक्टोबर १९८३

रंगनाथभाऊ यांना नमस्कार.

तुमचं आंतरदेशीय मिळालं. अक्षर सुरेख आहे. मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला, काही निसटलं असेल म्हणून. काही निसटलं नव्हतं.

तुम्ही लिहिता: "वहिनी, तुमचं दुःख मी जाणतो. पण मी धोंडीरामला सगळ्यांदेखत बजावलं होतं, कोणालाही विचारा. त्याने ऐकलं नाही. विद्या पात्र बघून आणि वेळ बघून द्यावी लागते, माझ्या उस्तादानेही मला थांबवलंच होतं. भिकनचा हात बापापेक्षा चांगला आहे. यंदा खंडेनवमीला टाकी त्यालाच देतो. मग तर झालं?"

मग तर झालं! रडणाऱ्या पोराच्या हातावर खडीसाखर ठेवावी, तसं. मी मुलाचा जीव मागते आणि तुम्ही मला त्याचा नंबर वर लावून देता.

बजावलं होतं, हे अगदी खरं. तेराव्याला, म्हणजे आमच्यात तेरावं नसतं, पण त्या सुमाराला तुम्ही आलात आणि सगळ्या कॉलनीसमोर डोळे पुसत म्हणालात, "मी त्याला लय सांगितलं होतं, टाकीला हात लावू नको." सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा हलवली. त्या दिवशी मला ते बरोबर वाटलं होतं. तुम्ही 'नको' सांगितलं होतं. 'का' सांगितलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला भिकनला तेच वाक्य बोलताना ऐकावं लागलं.

मी मास्तरीण आहे. चौथीतल्या मुलांना मी सांगते, विजेच्या खांबाला हात लावायचा नाही. त्यातला एखादा बेरकी उठतोच, "का बाई?" मग मी का ते सांगते आणि वर्ग पुढे सरकतो. त्याऐवजी मी गूढ चेहरा करून म्हटलं असतं की ते माझं काम, तुमची पात्रता बघून दसऱ्याला सांगेन, तर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत निम्मा वर्ग खांबाला लोंबकळला असता. कोणी म्हणालं असतं, पोरं व्रात्य. मी म्हणाले असते, बाई बावळट.

तुम्ही सांगत नाही म्हटल्यावर मी विचारायला निघाले. फार लांब जावं लागलं नाही. माझ्या वर्गातल्या मैनाचे वडील सातपूरला आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवतात. पालकसभेला आले होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. त्यांचा चहा गार व्हायच्या आत त्यांनी सगळं सांगितलं.

पेट्रोल संपलं तरी त्याची वाफ टाकीत राहते, पत्र्याच्या शिवणीत आणि गंजात दडून बसते. महिने लोटले, वास गेला, तरी राहते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. ज्योत लावली की पत्रा तापतो, ती वाफ बाहेर येते आणि बंद डब्यात पेटते. म्हणून टाकी गाडीतून काढायची, धुण्याचा सोडा टाकलेल्या उकळत्या पाण्याने पुन्हा पुन्हा खळखळून धुवायची, भोक वर येईल अशी ठेवायची, आणि भोकाच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरायची. वाफेला राहायला जागाच ठेवायची नाही. झाकण उघडं ठेवायचं. मग खुशाल झाळा.

मी विचारलं, हे शिकायला किती वर्षं लागतात? ते हसले. म्हणाले, "बाई, हे आम्ही पोरांना पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहून देतो. हातात ज्योत द्यायच्या आधी."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुमची मूठ उघडली आणि आत पाणी निघालं. नळाचं, साधं पाणी. माझ्या मोरीत पिंपभर होतं त्या रविवारी. भाऊ, पिंपभर होतं.

आता तुम्हाला जे कधी सांगितलं नाही ते सांगते. दवाखान्यात हे शुद्धीवर होते. कानाने कमी येत होतं, पण बोलत होते. आयुष्यभर शुद्ध बोलणारा माणूस, शेवटी गावाकडच्या बोलीवर आला. म्हणाले, "दीड वरीस कोरडी ठाक व्हती गं ती. वाससुदीक नव्हता." मग म्हणाले, "मला वाटलं, फार तर टाकी बिघडंल."

हे वाक्य जरा थांबून वाचा. फार तर टाकी बिघडेल. तुम्ही दार लोटून, झेंडू वाहून त्या गोष्टीला असं काही रूप दिलं होतं की त्यांना वाटलं, ही कुठलीतरी नाजूक कारागिरी आहे, आपल्याला जमली नाही तर पत्रा वाया जाईल आणि रविवारची मंडळी हसतील. यात माणूस मरतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं म्हणे, का हात लावायचा नाही? तुम्ही खांद्यावर थाप मारून म्हणालात, "धोंडीराम, काही गोष्टी हातातून हातात द्यायच्या असत्यात, तोंडानं नाय." त्या वेळी ते वाक्य त्यांना फार आवडलं होतं. घरी येऊन मला कौतुकाने ऐकवलं होतं.

सहा वर्षांत तुम्ही दोघांना टाकी दिलीत. एक तुमचा पुतण्या, दुसरे तुमचे साडू. यावर मला काही म्हणायचं नाही. म्हणायचं असतं, पण तुम्ही आमच्या घरी बसून आमच्या ताटात जेवला आहात, माझ्या हातचा ठेचा मागून घेतला आहे, तेव्हा ते म्हणायलाही मला तोंड ठेवलेलं नाही. कोंडाजी ओझरहून दर रविवारी येतो, तो तर तुमच्याच जातीतला, तोही अजून कच्चाच आहे. म्हणजे या बाबतीत तुम्ही सगळ्यांना सारखं वागवलंत म्हणायचं. समतेचा असाही एक प्रकार असतो, हे मला नवीन होतं.

दवाखान्यातलं शेवटचं एक राहिलं. ते म्हणाले, "रंगनाथला सांग, त्याला न इचारता हात लावला. माफी कर म्हणावं."

हा निरोप मी तुम्हाला पोचवला नाही. त्या दिवशी पोचवला नाही, नंतरही नाही. आजही पोचवत नाही, असा निरोप होता एवढंच कळवते. भाजलेल्या अंगाने तो माणूस तुमची माफी मागत होता, आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून माझ्या भावाला सांगत होतात की हात कच्चा होता.

खंडेनवमीला मी भिकनबरोबर शेडवर येणार आहे. नारळ आणणार नाही.

चांगुणा गांगुर्डे


नाशिकरोड,
दि. २० ऑक्टोबर १९८३

श्री. रंगनाथ आहेर यांना,
जयभीम.

आजवर तुम्हाला लिहिताना मी नमस्कार लिहीत आले, तुम्हाला अवघडायला नको म्हणून. आता माझ्या घरात आम्ही जे म्हणतो तेच लिहिते.

त्या दिवशी तुम्ही बराच वेळ खाली बघत होतात, म्हणून तुम्हाला जे दिसलं नसेल ते सांगते.

पाटावर टॉर्च, पकडी, हातोड्या, सगळं चकचकीत मांडलेलं होतं. खिळ्याला यांचा वेल्डिंगचा काळा चष्मा टांगलेला, त्याला झेंडूची माळ. ही माळ घालतात, हे मला माहीत नव्हतं. माणसाला डोळसपणे काही सांगायचं नाही आणि मग त्याच्या चष्म्याला माळ घालायची. वर्गावर उभं राहायची सवय आहे, आवाज कापला नाही. मैनाच्या वडिलांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगितलं. वाफ, शिवण, सोडा, उकळतं पाणी, उघडं झाकण. मुलांना पाठ करून घेते तसं दोनदा म्हटलं. तुम्ही मधे एकदा म्हणालात, "वहिनी, आज सणाचा दिवस हाय." मी म्हटलं, म्हणूनच आले, इतर दिवशी तुम्ही सांगत नाही.

कोंडाजीने टोपी काढून डोकं खाजवलं आणि तुमच्याकडे बघून विचारलं, "एवढंच व्हतं व्हय, नाना?"

त्याला टोमणा मारायचा नव्हता. बिचारा खरंच विचारत होता. त्याला वाटलं, अजून काही असेल. तुमचा पुतण्या छताकडे बघत राहिला. मंडळींनी पेढ्याचा पुडाही सोडला नाही, एकेक जण चपला शोधून निघाला.

मी जिंकून घरी येईन, असं मला वाटलं होतं. बसमध्ये भिकन माझ्या शेजारी न बसता मागे उभा राहिला. घरी आल्यावर पाणीही न पिता म्हणाला, "आज मला मिळणार होतं, आई. त्यांच्या हातून. बाबांना नाही दिलं ते मला देणार होते ते. आणि तू ते चव्हाट्यावर वाटून टाकलंस."

मी विचारलं, तुला पाणी कशाला भरायचं ते कळलं ना?

"कळलं गं! पण मला ते असं नको होतं."

आहेरसाहेब, हे ऐकलं आणि माझा सगळा राग जागच्या जागी बसला. कारण आवाज भिकनचा होता आणि बोलणं त्याच्या बापाचं. यांनाही नुसती युक्ती नको होती. युक्तीच हवी असती तर सातपूरला जाऊन विचारून आले असते, मी पालकसभेत विचारलं तसं. त्यांना दाराच्या आत घेतलेलं हवं होतं. रविवारच्या सगळ्या मंडळींदेखत तुम्ही दार लोटावं आणि आत हे असावेत, एवढंच त्या माणसाला पाहिजे होतं. शेवटच्या खेपेलाही नारळ परत आला, तेव्हा त्यांनी ठरवलं असेल की आपणच टाकी झाळून दाखवू, मग तरी आत घेतील. ज्ञान मी कुठूनही आणून देऊ शकते. ते दार मला उघडता येत नाही. ते मी मुलासाठीही उघडू शकले नाही, उलट बंद करून आले. याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटायला लावलंत म्हणून तुमचा राग येतो.

त्या दिवसापासून भिकन माझ्याशी बोलत नाही. वाढलेलं जेवतो, डबा नेतो, कामावर जातो. विचारलं तर हूं की चूं करत नाही. शेडवरून निघताना त्याने एकच केलं होतं, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. खिळ्यावरचा चष्मा काढून घेतला आणि माळ तिथेच ठेवली.

तुम्ही पाठवलेला माणूस आला होता. मॉरिस शेडवर आणून लावा, सगळे मिळून पुरी करू, धोंडीरामची आठवण राहील, असा तुमचा निरोप त्याने सांगितला. गाडी अंगणातच राहील. आठवणीची सोय आमच्याकडे आहे.

आता शेवटचं. काल संध्याकाळी भिकनने कारखान्यातल्या कोणाकडून तरी वेल्डिंगचा सिलिंडर आणि नळ्या आणल्या. मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. रात्रभर मी कूस बदलत होते. आज सकाळी धुणं वाळत घालायला बाहेर गेले, तर आंब्याखाली विटांवर ती मुंबईची टाकी पालथी ठेवलेली. अंगणभर सोड्याचा वास. चुलीवरचं माझं मोठं पातेलं काळं करून मोरीत टाकलेलं. मी पदर खोचून खाली वाकले आणि बुडाच्या भोकात बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत बोट ओलं झालं. झाकणाच्या तोंडाला त्याने रबरी नळी बसवून ती वर बांधली होती, तोंड उघडं ठेवून, म्हणजे पाणीही राहावं आणि वाफही कोंडू नये. हे मी सांगितलेलं नव्हतं. हे त्याचं त्याने शोधलं. बाजूला विटेवर यांचा चष्मा, पुसून ठेवलेला.

तेवढ्यात तो दात घासत दारात आला. मला बघितलं, तोंड फिरवलं, आत गेला.

माझा मुलगा माझ्यावर रागावलेला आहे आणि जिवंत आहे. मला असाही चालेल.

यांची माफी माझ्याकडेच राहील. तुमच्या शेडवर मी पुन्हा येणार नाही. पण तिथे कोणी धोंडीरामचा हात कच्चा होता असं म्हणालं, तर तेवढं खोडून काढा. त्याला मात्र दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, ते तुमचं काम.

चांगुणा धोंडीराम गांगुर्डे